हार्डवेअर वर्णनभाषेची परिभाषा ठरवताना

डिजिटल सर्किटचे वर्णन ज्या भाषांत लिहिले जाते त्यांपैकी व्हीएचडीएल आणि सिस्टिमव्हेरिलॉग या दोन्ही भाषा आमच्या नागपूरच्या कार्यालयात रोजच्या वापरात आहेत. जुनी डिझाइन्स व्हीएचडीएलमध्ये आहेत, कारण ज्या ग्राहकांसाठी ती झाली त्यांची तशी अटच होती. नवी डिझाइन्स आणि जवळजवळ सगळे टेस्टबेंच, म्हणजे डिझाइन तपासून पाहणारे कोड, सिस्टिमव्हेरिलॉगमध्ये, म्हणजे व्हेरिलॉग या जुन्या भाषेच्या विस्तारित रूपात, आहेत. दोन्हींना लागू पडेल असे एकच अंतर्गत मानक, म्हणजे डिझाइन कसे लिहावे, काय टाळावे आणि तपासणीच्या वेळी काय पाहावे याची नियमपुस्तिका, तयार करायचे ठरले तेव्हा तिच्या मसुद्याचे संपादन माझ्याकडे आले. नियम काय असावेत यावर फारसा वाद झाला नाही. वीस-वीस वर्षे हेच काम केलेल्या माणसांची मते अशा बाबतीत बहुधा जुळतातच. वाद झाला तो ते नियम कोणत्या शब्दांत लिहावेत यावर, आणि पुस्तिकेच्या कामातला सर्वांत मोठा वेळ त्यातच गेला.

मसुदा इंग्रजीत होता आणि चर्चा मराठीत चालत असे. पहिल्या सामूहिक वाचनात आम्ही ज्या वाक्यावर अडलो ते आमच्या बोलण्यात असे यायचे: ‘एरर फ्लॅग हा सिग्नल इव्हेंट आल्यावर रजिस्टर करावा.’ दिसायला निरुपद्रवी वाक्य. व्हीएचडीएलमध्ये उभी हयात घालवलेल्या आमच्या ज्येष्ठ मॅडमनी त्याचा अर्थ असा लावला की, फ्लॅग हा ‘सिग्नल’ या वर्गातला ऑब्जेक्ट आहे, क्लॉकच्या, म्हणजे सर्किटाला ताल देणाऱ्या सिग्नलच्या, किमतीत बदल झाला की फ्लॅगची किंमत फ्लिपफ्लॉपमध्ये, म्हणजे एक बिट साठवणाऱ्या सर्किटात, साठवायची आहे. व्हेरिलॉगवर वाढलेल्या सहकाऱ्याला वाटले की, फ्लॅग ‘रेग’ या कीवर्डने जाहीर करा आणि ‘अमुक घडल्यावर’ असे सांगणाऱ्या ॲट चिन्हाच्या इव्हेंट कंट्रोलखाली त्याला किंमत द्या, एवढेच सांगितले आहे. त्यातून फ्लिपफ्लॉपच तयार झाला पाहिजे असे वाक्य कुठेही म्हणत नाही. पडताळणीचे काम पाहणाऱ्या तिसऱ्याच्या मते ‘इव्हेंट’ म्हणजे बसवर, म्हणजे भागांना जोडणाऱ्या सामाईक तारांवर, चूक घडल्याची घटना, आणि ती घडली की प्रोसेसरला वाचता येईल अशा स्टेटस रजिस्टरमध्ये तिची नोंद राहिली पाहिजे, क्लॉक पुढे गेला तरी ती पुसली जाता कामा नये. एकाच वाक्यातून तीन वेगळी सर्किटे निघाली. सगळ्यांत तरुण सहकारी, जो तोवर गप्प बसून टिपणे घेत होता, तो म्हणाला, “सर, वाक्य तर सगळ्यांनाच समजून राहिलं आहे, पण ज्याला त्याला वेगळंच समजून राहिलं आहे.” त्यानंतर मसुद्याचे वाचन थांबवून आधी परिभाषा ठरवावी, असे सर्वानुमते ठरले.

सुरुवात अगदी कारकुनी पद्धतीने केली. संपूर्ण मसुद्यातून तांत्रिक शब्द वेगळे काढून एका स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक शब्द जिथे जिथे आला ते वाक्य लिहिले आणि पुढच्या रकान्यात, त्या ठिकाणी लेखकाला काय अभिप्रेत होते, हे लेखकालाच विचारून भरले. अर्थ कोशातून किंवा मानकातून आधी उतरवून घ्यायचा नाही, हा नियम मॅडमनी घातला होता आणि तो फार उपयोगाचा ठरला. मानकातला अर्थ आधी समोर ठेवला की लिहिणारा ‘हो, मलाही हेच म्हणायचे होते’ असे सहज म्हणून जातो, आणि प्रत्यक्षात त्याने शब्द कसा वापरला होता ते दडून राहते. रकाने भरून झाल्यावर दोन प्रकारची दुखणी दिसली. काही ठिकाणी एका शब्दाचे अनेक अर्थ होते आणि काही ठिकाणी एकाच अर्थासाठी अनेक शब्द होते. दुसऱ्या प्रकाराने वाचकाला फक्त त्रास होतो; पहिल्या प्रकाराने चुकीचे सर्किट तयार होते. म्हणून आधी पहिल्या प्रकाराला हात घातला, आणि त्या यादीत सर्वांत वर ‘रजिस्टर’ होता.

या शब्दाची गुंतागुंत समजायला थोडा इतिहास लागतो. व्हेरिलॉगचा जन्म १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत झाला; प्रभू गोयल आणि फिल मूर्बी ही नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. भाषा मुळात सिम्युलेशनसाठी, म्हणजे सर्किट बनवण्याआधी ते संगणकावर चालवून पाहण्यासाठी, होती. सिम्युलेटरच्या नजरेतून पाहिले तर वस्तू दोनच प्रकारच्या असतात: कुणीतरी सतत चालवत असल्यामुळे जिला किंमत मिळते ती, आणि एकदा किंमत दिली की पुढची मिळेपर्यंत ती धरून ठेवणारी. पहिली म्हणजे नेट, दुसरी म्हणजे रजिस्टर. या दृष्टीने शब्द चुकीचा नव्हता. पुढे त्याच वर्णनातून सिंथेसिसने थेट सर्किट काढायला सुरुवात झाली तेव्हा घोटाळा झाला, कारण ‘रेग’ म्हणून जाहीर केलेली वस्तू संयोजी, म्हणजे साठवण नसलेल्या, सर्किटची बाहेर जाणारी तारही असू शकते. तिच्यात साठवण असेलच असे नाही. १९९५ साली भाषेचे आयईईई १३६४ हे मानक (आयईईई ही अभियंत्यांची मानके ठरवणारी संस्था) झाले तेव्हा त्यात ‘रजिस्टर’ हाच शब्द होता. २००१च्या आवृत्तीत तो काढून ‘व्हेरिएबल’ आणला गेला, आणि पूर्वी रेग, इंटिजर, टाइम, रिअल व रिअलटाइम या साऱ्यांना मिळून रजिस्टर म्हणत असत, ते आता म्हणायचे नाही, असा खुलासाही जोडला गेला. मात्र ‘रेग’ हा कीवर्ड काढता आला नाही, कारण तो काढला असता तर तोवर लिहिलेले सारे कोड निकामी झाले असते. शब्द बदलला आणि कीवर्ड राहिला, त्यामुळे आजही आमच्याकडे नव्याने रुजू होणारी बरीचशी मुले ‘रेग म्हणजे रजिस्टर’ हे पाठ करूनच येतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नाव तसे आहे म्हटल्यावर माणूस तसेच समजणार.

आमच्यातल्या बहुतेकांना वाटत होते की, हा घोळ एकट्या व्हेरिलॉगचा आहे. मॅडमनी व्हीएचडीएलच्या मानकाची प्रत उघडली आणि तिथे ‘रजिस्टर’ हा स्वतंत्र राखीव शब्द असल्याचे दाखवले. गार्डेड सिग्नल, म्हणजे ज्यांना किंमत देणारे ड्रायव्हर बंद करता येतात ते सिग्नल, दोन जातींचे असतात, एक रजिस्टर आणि दुसरा बस. सगळे ड्रायव्हर सुटले तरी पहिला आपली शेवटची किंमत राखतो. खोलीतल्या कुणीही प्रत्यक्ष डिझाइनमध्ये तो वापरलेला पाहिला नव्हता. तरीही व्हीएचडीएलच्या संदर्भात ‘रजिस्टर सिग्नल’ असे लिहिले तर मानकाप्रमाणे त्याला एक निश्चित अर्थ आहे आणि तो आम्हाला हवा असलेला नाही, हे मान्य करावे लागले. त्यात पडताळणीवाल्यांचा चौथा अर्थ होताच: सॉफ्टवेअरला पत्त्यावरून वाचता-लिहिता येणारे कंट्रोल किंवा स्टेटस रजिस्टर. पडताळणीच्या यूव्हीएम या पद्धतीचा रजिस्टर लेयर आणि तयार डिझाइनचे वर्णन देण्यासाठीचे आयपी-एक्सॅक्ट हे आयईईई १६८५ मानक हा शब्द याच अर्थाने वापरतात. अशा रजिस्टरमधले काही बिट कायमचे शून्याला बांधलेले असतात, म्हणजे त्यांच्यामागे एकही फ्लिपफ्लॉप नसतो.

शेवटी ठरले ते असे. विशेषणाशिवाय ‘रजिस्टर’ लिहिले तर त्याचा अर्थ क्लॉकच्या कडेवर, म्हणजे तो बदलतानाच्या क्षणी, किंमत घेणारी हार्डवेअरमधली साठवण. पातळीवर चालणाऱ्या साठवणीला लॅच म्हणायचे, रजिस्टर कधीच नाही. सॉफ्टवेअरला दिसणाऱ्या रजिस्टरला दर वेळी पूर्ण विशेषण लावायचे, मग त्याच परिच्छेदात ते दहादा आले तरी चालेल. ‘रेग’ फक्त कोडच्या टाइपात, कीवर्ड म्हणून. आणि ‘रजिस्टर करणे’ हे क्रियापद पुस्तिकेतून हद्दपार. या शेवटच्या कलमावर मॅडमचा आक्षेप होता. तपासणीच्या बैठकीत प्रत्येक जण हे क्रियापद वापरतो, त्या स्वतःही वापरतात, मग पुस्तिकेत ते का नको, असे त्यांचे म्हणणे होते. बोलताना समोरचा माणूस विचारू शकतो, पुस्तिकेला कुणी विचारू शकत नाही, हा युक्तिवाद त्यांनी मान्य केला. पण बोलण्यात आपण तोच शब्द वापरत राहू, असेही बजावले, आणि आजतागायत त्या तो वापरतात.

‘सिग्नल’ आणि ‘व्हेरिएबल’ या जोडीचा प्रश्न याहून खोल होता, कारण तिथे वाद शब्दाचा नसून दोन भाषांनी एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवल्याचा होता. व्हीएचडीएलमध्ये किंमत लगेच बदलते की डेल्टा सायकलनंतर, म्हणजे सिम्युलेटरच्या वेळ न खाणाऱ्या एका पायरीनंतर, हे वस्तूच्या वर्गावर ठरते: व्हेरिएबल लगेच बदलतो, सिग्नल नंतर. व्हेरिलॉगमध्ये तेच असाइनमेंटवर ठरते: त्याच व्हेरिएबलला ब्लॉकिंग असाइनमेंटने किंमत दिली तर ती लगेच बदलते, नॉनब्लॉकिंगने दिली तर त्या क्षणाच्या शेवटाकडे. म्हणजे व्हीएचडीएलचा व्हेरिएबल आणि व्हेरिलॉगचा व्हेरिएबल ही एकाच नावाची दोन वेगळी माणसे आहेत. व्हीएचडीएलमध्ये साधा व्हेरिएबल प्रोसेस किंवा उपप्रोग्रामच्या आतच राहतो. बाहेरून दिसणारा शेअर्ड व्हेरिएबल १९९३च्या आवृत्तीत आला आणि २००२पासून तो प्रोटेक्टेड टाइपचाच असला पाहिजे, असे बंधन आले. व्हेरिलॉगचा व्हेरिएबल मात्र मॉड्यूलमधल्या, म्हणजे डिझाइनच्या त्या भागातल्या, कुणालाही वाचता येतो, पोर्टावाटे, म्हणजे त्या भागाच्या जोडणीच्या टोकावाटे, बाहेरही जातो. दोहोंना लागू पडेल असा एक शब्द शोधण्याचा आम्ही बराच खटाटोप केला आणि शेवटी तो सोडून दिला, कारण जिथे संकल्पनाच एक नाही तिथे शब्द एक केला तर एकरूपता नुसती दिसायला येते. ‘सिग्नल’ हा शब्द आम्ही भाषेच्या वर, हार्डवेअरच्या पातळीवर ठेवला: एका भागातून दुसऱ्या भागात जाणारी किंमत. व्हीएचडीएलचा ऑब्जेक्ट अभिप्रेत असेल तेव्हा ‘व्हीएचडीएल सिग्नल’ असे पूर्ण लिहायचे. व्हेरिएबलला दोन्ही बाजूंनी भाषेचे नाव जोडणे बंधनकारक केले. वाक्ये लांबली, हे खरे आहे.

याच चर्चेत पोर्टांच्या तक्त्याची गंमत झाली. जुन्या प्रशिक्षणाच्या टिपणांतून आलेल्या एका तक्त्यात, सिस्टिमव्हेरिलॉगच्या ‘लॉजिक’ या कीवर्डबद्दल, ‘लॉजिकने जाहीर केलेला प्रत्येक पोर्ट हा व्हेरिएबल असतो’ असे वाक्य होते आणि ते सगळ्यांच्या नजरेखालून गेले होते. मे महिन्यात आमच्या बैठका सकाळी आठलाच सुरू होत, कारण दुपारी कूलर चालू असला तरी त्या खोलीत कुणाचे डोके चालत नसे. अशाच एका सकाळी त्या तरुण सहकाऱ्याने प्रोजेक्टरवर सिस्टिमव्हेरिलॉगचे मानक उघडले आणि पोर्ट जाहीर करण्याच्या कलमातले नियम वाचून दाखवले. इनपुट पोर्टला जातीचा उल्लेख नसेल तर तो नेट धरला जातो, पुढे ‘लॉजिक’ लिहिलेले असले तरीही. आउटपुट पोर्टला मात्र डेटा टाइप स्पष्टपणे लिहिला असेल तर तो व्हेरिएबल धरला जातो. म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या दोन ओळींत ‘लॉजिक’ हा एकच शब्द आहे आणि एकीत नेट आहे, दुसरीत व्हेरिएबल.

“त्याने काय फरक पडतो?” असे कुणीतरी विचारलेच. त्या तरुण सहकाऱ्याने चार ओळींचे मॉड्यूल तिथेच लिहिले. इनपुट पोर्टला बाहेरून शून्य दिले आणि मॉड्यूलच्या आतून त्याच पोर्टला ‘असाइन’ने एक दिला. सिम्युलेटरने ते मुकाट्याने चालवले, कारण नेटला एकापेक्षा जास्त ड्रायव्हर असू शकतात. वेव्हफॉर्मवर पोर्टाच्या रेषेच्या जागी लाल पट्टा आला आणि त्यात एक्स, म्हणजे अज्ञात किंमत, दिसला. मग त्याने त्याच ओळीत ‘इनपुट’नंतर ‘व्हार’ हा कीवर्ड घातला, आणि या वेळी सिम्युलेशन सुरूच झाले नाही, चूक म्हणून बोट थेट त्या ‘असाइन’वर ठेवले गेले. आठशे ओळींच्या मॉड्यूलमध्ये हीच गोष्ट घडली असती तर तो एक्स कुठून आला हे शोधण्यात संध्याकाळ गेली असती.

या प्रसंगातून परिभाषेचा एक नियम निघाला, जो मला पुस्तिकेतल्या सर्व नियमांत सर्वांत मोलाचा वाटतो. सिस्टिमव्हेरिलॉगचे मानक डेटा ऑब्जेक्ट आणि डेटा टाइप या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवते. नेट की व्हेरिएबल, हा ऑब्जेक्टचा प्रश्न. त्याची किंमत चार अवस्थांपैकी असू शकते की दोनच, हा टाइपचा प्रश्न. ‘लॉजिक’ हे फक्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘वायर लॉजिक’ असे लिहिता येते, ‘व्हार लॉजिक’ असेही लिहिता येते आणि दोन्ही कायदेशीर आहेत. म्हणून आमच्या पुस्तिकेत ‘लॉजिक’ हे एकटे नाम म्हणून येत नाही. ‘लॉजिक टाइपचा नेट’ किंवा ‘लॉजिक टाइपचा व्हेरिएबल’ असेच लिहावे लागते. यात आणखी एक फायदा झाला. इंग्रजीत संयोजी सर्किटालाही लॉजिक म्हणतात, त्यामुळे ‘हे लॉजिक काढून टाका’ अशा सूचनेत घोषणा काढायची की सर्किट, हा प्रश्न मसुद्यात अनेक ठिकाणी उभा होता, तो आपोआप मिटला.

‘इव्हेंट’बद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची चिकित्सा लांब झाली आणि निकाल लहान निघाला. व्हीएचडीएलमध्ये सिग्नलची किंमत खरोखर बदलली तरच इव्हेंट होतो. आहे तीच किंमत पुन्हा दिली तर ट्रान्झॅक्शन होतो, सिग्नल त्या क्षणी ॲक्टिव्ह असतो, पण इव्हेंट होत नाही. व्हेरिलॉगमध्ये किंमतबदलाला अपडेट इव्हेंट म्हणतात, त्यामुळे जागी झालेली प्रोसेस चालवणे हासुद्धा एक इव्हेंट, म्हणजे इव्हॅल्युएशन इव्हेंट, आणि शिवाय ‘इव्हेंट’ नावाचा स्वतंत्र टाइप आहे, जो बाणाच्या चिन्हाने ट्रिगर करतात. ट्रान्झॅक्शन हा शब्द पडताळणीवाल्यांनी बसवरच्या एका पूर्ण व्यवहारासाठी केव्हाच उचललेला आहे. आम्ही पुस्तिकेत सरळ ‘किंमतबदल’ आणि ‘क्लॉकची कड’ असे लिहायचे ठरवले आणि ट्रान्झॅक्शन टेस्टबेंचसाठी राखून ठेवला. व्हीएचडीएलच्या अर्थाने तो लागलाच तर तळटीप.

‘पॅरामीटर’चा तंटा मात्र सौम्यपणे मिटला. व्हेरिलॉगमध्ये पॅरामीटर म्हणजे इलॅबोरेशनच्या वेळी, म्हणजे सिम्युलेशनपूर्वी डिझाइनची जुळणी होताना, ठरणारा स्थिरांक, ज्याला व्हीएचडीएल जेनेरिक म्हणते. व्हीएचडीएलमध्ये पॅरामीटर म्हणजे प्रोसीजर किंवा फंक्शनला दिली जाणारी गोष्ट, जिला व्हेरिलॉग आर्ग्युमेंट म्हणते. आम्ही पहिल्यासाठी पॅरामीटर आणि दुसऱ्यासाठी आर्ग्युमेंट असे दोन्ही शब्द व्हेरिलॉगचे घेतले. यावर मॅडम हसून म्हणाल्या, “म्हणजे आमच्याकडचं काहीच ठेवू नका.” पण त्यांनी मतदानात हात वर केला.

त्यांच्या त्या बोलण्याचे उट्टे पुढच्याच शब्दावर निघाले. व्हेरिलॉगचे मॉड्यूल आणि व्हीएचडीएलची एंटिटी (भागाचे बाहेरून दिसणारे रूप) व आर्किटेक्चर (त्याची आतली रचना) ही जोडी यांना मिळून काय म्हणायचे? ब्लॉक म्हणावे तर दोन्ही भाषांत ब्लॉक वेगळा आहे. कॉम्पोनंट म्हणावे तर तो व्हीएचडीएलचा कीवर्ड. युनिट म्हणावे तर व्हीएचडीएलमधले डिझाइन युनिट पॅकेजलाही लागू होते. सेल हा शब्द लायब्ररीतल्या गेटसाठी आणि व्हेरिलॉगच्या कॉन्फिगरेशनसाठी आधीच घेतलेला. जो सोपा शब्द उचलावा त्यावर कुणाची तरी मालकी निघायची. ऐन लग्नसराईत सभागृह शोधायला निघालेल्या माणसासारखी आमची अवस्था झाली होती. अखेर व्हीएचडीएलच्या मानकातला ‘डिझाइन एंटिटी’ हा जोडशब्द घेतला. त्याची व्याख्या नेमकी आहे आणि व्हेरिलॉगमध्ये त्याला दुसरा अर्थ नाही. व्हेरिलॉगच्या बाजूने कुरकुर झाली, पण ती पॅरामीटरच्या बदल्यात वसूल झाली असे मानून सोडून देण्यात आली. परिभाषेची निवड निखळ तर्काने होते असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. देवाणघेवाण त्यात असतेच, फक्त ती अशा शब्दांपुरती ठेवावी जिथे दोन्ही पर्याय तेवढेच निःसंदिग्ध असतात.

अज्ञात किमतींच्या बाबतीत मात्र देवाणघेवाणीला जागा नव्हती. व्हेरिलॉगमध्ये अवस्था चार: शून्य, एक, एक्स (अज्ञात) आणि झेड (कुणीच चालवत नसलेली). व्हीएचडीएलमध्ये आयईईई ११६४ने दिलेल्या प्रमाण लॉजिक टाइपमध्ये किमती नऊ, आणि त्यांत प्रारंभ न झालेली यू वेगळी, अज्ञात एक्स वेगळी, क्षीण अज्ञात डब्ल्यू वेगळी आणि ‘पर्वा नाही’ दाखवणारी आडवी रेघ वेगळी. मसुद्यात या साऱ्यांना ‘एक्स’ किंवा ‘डोन्ट केअर’ असे मनाला येईल तसे म्हटलेले होते. सिम्युलेशनमध्ये एक्स म्हणजे ‘मला माहीत नाही’. सिंथेसिसमध्ये तोच एक्स किंमत म्हणून दिला तर त्याचा अर्थ ‘तुला हवे ते घे’ असा होतो. अज्ञान आणि परवानगी या दोन गोष्टींना एक नाव देणे पत्करण्यासारखे नव्हते. म्हणून सिम्युलेशनच्या प्रकरणात ‘अज्ञात किंमत’, सिंथेसिसच्या प्रकरणात ‘डोन्ट केअर’, आणि व्हीएचडीएलच्या यू, एक्स, डब्ल्यू व आडवी रेघ या चौघांना मिळून मानकातलाच ‘मेटालॉजिकल किंमत’ हा शब्द, अशी वाटणी केली. हा शब्द फार थोड्यांनी ऐकला होता, आणि मला तीच त्याची जमेची बाजू वाटली, कारण त्याच्याशी कुणाचाही जुना चुकीचा अर्थ चिकटलेला नव्हता.

नियमांची क्रियापदे ठरवायला आयईईईच्या प्रथेचा आधार होता, म्हणून ते काम पटकन झाले. तिथे ‘शॅल’ म्हणजे बंधन, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे मुभा आणि ‘कॅन’ म्हणजे शक्यता. बंधन सांगण्यासाठी ‘मस्ट’ वापरायचे नाही. मसुद्यात ‘मस्ट’ जागोजागी होते. अडचण आली ती चर्चेची टिपणे मराठीत होती म्हणून: ‘करावा’ हे रूप बंधनाचेही असते आणि शिफारशीचेही. तेव्हापासून टिपणांत बंधनासाठी ‘केलाच पाहिजे’ असे लिहायला सुरुवात केली. वाचताना ते थोडे दटावल्यासारखे वाटते, पण त्यामुळे कुणी शंका विचारायला आले नाही.

शब्द ठरल्यावर ते मसुद्यात बसवण्याचे काम मी एकट्याने केले. शोधून बदलण्याची सोय संगणकात असली तरी ती इथे चालत नाही, कारण प्रत्येक ‘रजिस्टर’जवळ थांबून हा चारांपैकी कोणता, हे ठरवावेच लागते. आकृत्यांमधली अक्षरे, तक्त्यांची शीर्षके आणि उदाहरणांतले शेरे यांत जुने शब्द सर्वांत चिवटपणे टिकून राहतात, असे दिसले. शाळेत निबंधात एकच शब्द पुन्हा आला की बाई त्याखाली लाल रेघ ओढत, त्यामुळे आमच्या पिढीच्या हाताला समानार्थी शब्द शोधण्याची खोड लागलेली आहे, आणि मसुद्यातले निम्मे गोंधळ त्या खोडीचे होते: एकाच परिच्छेदात ‘इन्स्टन्स’, मग ‘कॉपी’, मग ‘इन्स्टन्शिएशन’. मानकात पुनरुक्ती हा दोष नाही. शब्द बदलला तर वाचकाने वस्तू बदलली असेच समजले पाहिजे. पूर्ण झालेला मसुदा शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात हा विषय शिकवणाऱ्या सरांकडे दिला, कारण आमच्या चर्चा न ऐकलेला वाचक हवा होता. त्यांनी बहुतेक व्याख्या न बदलता परत पाठवल्या आणि एका जागी समासात लिहिले की, लॅचची व्याख्या चांगली आहे, पण ती तुमच्या पहिल्या वापरानंतर अकरा पानांनी येते. ती पुढे आणली.

शेवटी एक छोटी स्क्रिप्ट लिहून घेतली, जी वर्ज्य शब्द आणि विशेषणाशिवाय आलेले शब्द मसुद्यात शोधते. ती चुका सुधारत नाही, फक्त ओळ क्रमांक सांगते. टूलच्या संदेशांपुढे मात्र आमचा इलाज चालत नाही. सिम्युलेटर व सिंथेसिसची टूल्स त्यांच्या त्यांच्या शब्दांत तक्रारी करतात आणि नवा अभियंता पुस्तिकेतला शब्द त्या संदेशात शोधत बसतो. म्हणून मागे एक जुळणीचा तक्ता जोडला, ज्यात डावीकडे आमचा शब्द आणि उजवीकडे तो दोन्ही भाषांच्या मानकांत व टूलच्या संदेशांत कोणत्या नावाने येतो ते दिले आहे. पुस्तिकेतले सर्वांत जास्त हाताळले जाणारे पान तेच आहे, असे तिच्या छापील प्रतीच्या कडांवरून दिसते.

‘असर्ट’ हा शब्द आम्हाला अजून सुटलेला नाही. रीसेट, म्हणजे सर्किटाला प्रारंभस्थितीत आणणारा सिग्नल, असर्ट करणे, म्हणजे लागू करणे, हे हार्डवेअरवाल्यांचे रोजचे बोलणे आहे, आणि दोन्ही भाषांत असर्ट हे अट तपासणारे विधानही आहे. रीसेटसाठी ‘ॲक्टिव्ह करणे’ म्हणावे, असे सुचवले गेले, तर मॅडमनी लगेच आठवण करून दिली की, व्हीएचडीएलमध्ये सिग्नल ॲक्टिव्ह असणे म्हणजे त्यावर ट्रान्झॅक्शन असणे, किंमत काहीही असो. ‘हाय करणे’ म्हणावे तर आमचे बहुतेक रीसेट लो असताना लागू होतात. सध्याच्या आवृत्तीत रीसेटच्या प्रकरणापुरते ‘रीसेट लागू असताना’ आणि ‘रीसेट सुटल्यावर’ अशा अर्थाची वाक्ये लिहिली आहेत आणि शब्द प्रलंबित यादीत ठेवला आहे. पुढच्या आवृत्तीच्या बैठका पावसाळा लागल्यावर सुरू होतील तेव्हा यादीत पहिला तोच आहे.